मागचे गाव

लघुपटाविषयी आपल्याकडे जे लिहिले-बोलले जाते, त्यात कथेची चर्चा असते, अभिनयाची असते, शेवट पटला की नाही ह्याची असते. माणसाच्या पाठीमागे चित्रात काय होते आणि ते दिसत होते की नाही, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो मला येथे विचारायचा आहे, आणि त्यासाठी पोंभुर्ण्याचे उदाहरण मुद्दाम घेतो आहे. पोंभुर्णा हे चंद्रपूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पूर्वेला वैनगंगा, आणि तिच्या पलीकडे गडचिरोली. १९८२ सालापर्यंत हे दोन्ही काठ एकाच जिल्ह्यात होते. बांबू, साग, मोह आणि धान ह्यांचा हा मुलूख मराठी चित्रात फार थोडा आला आहे. म्हणून तेथे आज एखादा होतकरू तरुण तीन-चार दिवसांत, खिशाला परवडेल एवढ्या पैशात लघुपट काढायला निघाला, तर तो काय दाखवतो ह्याला महत्त्व आहे; आणि काय पुसतो ह्याला तर त्याहून अधिक.

हे पुसण्याचे काम कॅमेऱ्याची लेन्स करते. तेव्हा आधी ह्या लेन्सची हकीकत सांगणे आले.

२००८ साली निकॉन आणि कॅनन ह्या कंपन्यांनी असे कॅमेरे बाजारात आणले, की जे मूळचे फोटो काढण्याचे, पण हलते चित्रही टिपणारे. कॅननचा फाइव्ह डी मार्क टू तर एवढा गाजला, की २०१० साली अमेरिकेतल्या 'हाउस' ह्या दूरचित्रवाणी मालिकेचा एक संपूर्ण भाग त्याच्यावर चित्रित झाला. सिनेमाच्या खास लेन्सची किंमत मोटारीच्या घरात जाते. फोटोच्या जुन्या लेन्स मात्र जुन्या बाजारात, बंद पडलेल्या स्टुडिओत, कोणाच्या तरी मामाच्या कपाटात पडून असतात. निकॉन, पेंटॅक्स, याशिका, रशियन झेनिटबरोबर येणारी ५८ मिलिमीटरची हेलिऑस, ही सारी मंडळी नव्या कॅमेऱ्यावर एका कडीच्या आधाराने बसवता येतात. ह्या कडीला अडॅप्टर म्हणतात. तिच्यात जादू काही नाही, बहुतेकदा काचही नाही. निकॉनची जुनी लेन्स फिल्मपासून साडेशेहेचाळीस मिलिमीटर अंतरावर बसेल अशी घडवलेली असते. सोनीच्या नव्या कॅमेऱ्यात हे अंतर केवळ १८ मिलिमीटर असते. उरलेले साडेअठ्ठावीस मिलिमीटर भरून काढणारी पोकळ नळी, एवढेच त्या कडीचे स्वरूप. उलट सिनेमाच्या पीएल जोडणीच्या कॅमेऱ्यात हे अंतर ५२ मिलिमीटर असते. तेथे निकॉनची लेन्स कापाकापी केल्यावाचून बसतच नाही. गरिबाची वस्तू गरिबाच्याच कॅमेऱ्याला लागू पडते, असा हा योगायोग आहे.

फोटोचा माणूस आणि फोटोचे सामान ह्यांनी चित्रपट उभा करावा, ह्यात मराठी वाचकाला नवल वाटण्याचे कारण नाही. आपला चित्रपट जन्मला तोच ह्या रीतीने. दादासाहेब फाळके गोध्र्याला फोटोचा व्यवसाय करीत होते, पुढे पुराणवस्तू खात्यात होते, नंतर छपाईच्या धंद्यात. १९१२ साली ते लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. आल्यावर त्यांनी काढला तो वाटाण्याच्या रोपाच्या वाढीचा मिनिटभराचा तुकडा, ठराविक अंतराने एकेक चौकट टिपून. तो दाखवून त्यांनी भांडवल मिळवले, सरस्वतीबाईंनी कच्च्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे काम हाती घेतले, आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. वाटाण्याचे ते रोप हा आपला पहिला अल्पखर्ची लघुपट म्हटला तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. त्याचे तंत्र फोटोग्राफराचे होते आणि त्याचा हेतू डोळ्याला एरवी न दिसणारी गोष्ट दाखवण्याचा होता.

दुसरे उदाहरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे. नाटकमंडळ्यांचे पडदे रंगवणारा हा चित्रकार. बंधू आनंदराव ह्यांच्यासह त्यांनी कॅमेरा घरीच बनवण्याचा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ साली गेले, तरी बाबूरावांनी काम तडीस नेले, आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' आला. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये त्यांनी शेतकऱ्याची झोपडी आणि तिच्यावर आलेली जप्तीची पाळी दाखवली. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही, की हा माणूस मुळात पाठीमागचा पडदा रंगवणारा होता. पात्राच्या मागे जे असते ते पात्राइतकेच बोलते, हे त्याला हातानेच ठाऊक होते.

बंगालकडे पाहिले तरी हेच. 'पथेर पांचाली' (१९५५) चित्रित करणारे सुब्रत मित्र विशीतले होते आणि त्यापूर्वी त्यांनी चित्रपटाचा कॅमेरा चालवलेला नव्हता. त्यांचा अनुभव होता तो स्थिरचित्रांचा. पुढच्याच वर्षीच्या 'अपराजितो'साठी काशीच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले, तेव्हा त्यांनी दिव्याचा उजेड पांढऱ्या कापडावरून परतवून घेतला आणि आकाशातून उतरल्यासारखा मऊ प्रकाश मिळवला. कापडाला पैसे किती पडतात? ह्या तिन्ही ठिकाणी काटकसर होती. आणि तिघांनीही ती अधिक दाखवण्याच्या कामी लावली.

आजच्या अल्पखर्ची लघुपटाविषयी माझी तक्रार सुरू होते ती येथून.

जुन्या फोटोलेन्सचा मोठा गुण हा, की तिचे छिद्र पुष्कळ उघडते. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्सवरही एफ १.८ किंवा एफ २ हा आकडा असतो. आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे, आणि प्रकाश अधिक. त्यामुळे भाड्याचे दिवे न आणता, जनित्र न लावता, संध्याकाळच्या ओसरीवर काम होते. पण छिद्र उघडले की दुसरी एक गोष्ट घडते. ज्या अंतरावर फोकस केला आहे त्याच्या पुढेमागे अगदी थोडा पट्टा स्पष्ट राहतो. ३५ मिलिमीटर फोटोफिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, ५० मिलिमीटरची लेन्स एफ १.८ ला उघडून दोन मीटरवरच्या माणसावर फोकस केला, तर स्पष्ट पट्टा जेमतेम सतरा सेंटिमीटरचा मिळतो. म्हणजे वीतभर. चेहरा मावतो, कानापर्यंत धूसर होऊ लागते, आणि मागची भिंत, अंगण, रस्ता, झाड, माणसे सारी मिळून एक गुळगुळीत रंगीत लापशी होते.

ही लापशी दिसायला छान असते, हे मी नाकारीत नाही. ती पाहिली की काम 'सिनेमासारखे' दिसते, असा एक समज पसरला आहे. मग ती केवळ अंधारातच वापरायची असे राहत नाही. भर उन्हातही हवीशी वाटते. येथे हिशेब करून पाहावा. चैत्राच्या स्वच्छ उन्हात, आयएसओ १०० आणि शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे ठेवले, तर छिद्र साधारण एफ २२ एवढे बारीक लागते. तेच एफ २ ला उघडायचे तर प्रकाश सात पायऱ्यांनी तोडावा लागतो, म्हणजे एकशे अठ्ठावीस भागांतला एकच भाग आत घ्यावा लागतो. त्यासाठी लेन्सपुढे काळपट करडी काच बसवतात. सूर्याने फुकट दिलेला उजेड पैसे खर्चून काचेत अडवायचा, आणि तो कशासाठी, तर मागचे गाव दिसू नये म्हणून! अल्पखर्ची म्हणवणाऱ्या कलेचा हा व्यवहार मला उफराटा वाटतो.

धूसरपणाला जागाच नाही असे कोणी समजू नये. स्टॅन्ली कुब्रिकने 'बॅरी लिंडन' (१९७५) मध्ये अठराव्या शतकातली दिवाणखान्यांची दृश्ये खऱ्या मेणबत्त्यांच्या उजेडात टिपली. त्यासाठी त्याने झाइस कंपनीने नासासाठी बनवलेली, स्थिरचित्राची, ५० मिलिमीटर आणि एफ ०.७ अशी विलक्षण लेन्स मिळवली, आणि एड डीज्यूलिओ ह्या यंत्रज्ञाकडून आपल्या मिचेल कॅमेऱ्याची मोडतोड करून ती बसवून घेतली. फोटोची लेन्स सिनेमाला जोडण्याचे हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण, आणि खर्चाच्या दृष्टीने आपल्यापासून सर्वांत दूरचे. तेथे स्पष्ट पट्टा इतका अरुंद होता, की नटांना जवळजवळ हालचाल न करता बसावे लागे. पण ते अवघडलेले बसणेच त्या दरबारी समाजाला शोभून गेले. अंधार होता म्हणून छिद्र उघडले. छिद्र उघडले म्हणून आलेली अडचण कथेच्या अर्थात मिसळली. वैनगंगेकाठच्या एखाद्या घरात चिमणीच्या उजेडात म्हातारी बसली आहे, असे दृश्य असेल, तर आमच्या तरुणानेही लेन्स खुशाल पूर्ण उघडावी. रात्रीपुरता तो न्याय आहे. दिवसाढवळ्या तोच न्याय लावणे ही केवळ सवय.

मागचे दिसले तर काय साधते, ह्यासाठी दोन मराठी चित्रपटांकडे पाहू. नागराज मंजुळे ह्यांच्या 'फँड्री'त (२०१३) मारलेले डुक्कर काठीला बांधून जब्याचे कुटुंब वाहून नेते, तेव्हा ते शाळेच्या भिंतीवरून जाते. त्या भिंतीवर आंबेडकर, फुले, शाहू, गाडगेबाबा ह्यांची चित्रे आहेत. एक शब्द कोणी बोलत नाही. पुढे डुक्कर, मागे भिंत, आणि दोहोंच्या मध्ये शंभर वर्षांचे अंतर. ही भिंत धूसर केली असती तर काय उरले असते? ओझे वाहणारी चार माणसे. चित्रपटाचा सारा अभियोग त्या भिंतीच्या स्पष्ट दिसण्यावर उभा आहे. चैतन्य ताम्हाणे ह्यांच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) कॅमेरा दूर, स्थिर आणि धीराने उभा राहतो. मुख्य खटला चालू असताना दुसऱ्या खटल्यांची माणसे बाकांवर ताटकळत असतात. कोणाकडे पाहायचे हे प्रेक्षकाने ठरवायचे. न्याय कसा चालतो हे त्या बाकांवरून जेवढे कळते, तेवढे वकिलांच्या भाषणांवरून कळत नाही. हे दोन्ही लघुपट नव्हेत, हे खरे. पण पाठीमागे काय ठेवावे हा धडा घ्यायला पैसा लागत नाही.

आता पोंभुर्ण्याकडे वळू. तेथील लघुपटात माणसाच्या मागे काय काय असू शकते? रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांची ओळ. धानाच्या बांध्यांची एकाखाली एक उतरत गेलेली पायरी, आणि तिच्या माथ्यावर बोडी. बांबू चिरीत बसलेला बुरड, त्याच्या अंगणात उभ्या केलेल्या ताट्या. मोहाखालची झाडून स्वच्छ केलेली जागा, जी पाहताच तेथल्या माणसाला कळते की फुले वेचायचा हंगाम आला. उन्हाळ्यात तेंदूच्या पानांचे पुडे मोजायला बसलेली माणसे. आणि ह्यांच्याच शेजारी मोबाइलचा मनोरा, विजेचे खांब, पंचायतीची पाटी, प्लास्टिकच्या खुर्च्या. समजा, कथा अशी, की रोवणीला गेलेल्या आईची मुलगी शाळा सोडून मजुरीला येते. आईचा चेहरा जवळून, मागे हिरवी लापशी: मुलीने काय सोडले आणि कशात आली हे ह्यात कोठेच नाही. तीच गोष्ट चार पावले मागे सरून, मागची ओळ आणि तिच्यापलीकडचा रस्ता दिसेल अशी घेतली, तर मुलगी त्या ओळीत शेवटची येऊन वाकते, एवढ्यानेच कथा होते. संवाद लिहावा लागत नाही आणि रडणाऱ्या नटीचीही गरज पडत नाही.

माझ्या मनातली खरी काळजी तंत्राहून मोठी आहे. ह्या दोन जिल्ह्यांची चित्रे बाहेरच्या जगात जातात ती बहुधा वाघाची तरी असतात, नाहीतर बंदुकीची. मधले गाव कोणी पाहत नाही. २०२२ साली 'पल्याड' आणि 'झॉलीवूड' असे दोन चित्रपट ह्या भागातून आले, एक मसणजोगी समाजावर आणि दुसरा झाडीपट्टी रंगभूमीवर. तो आरंभ शुभ आहे. पण गावोगावच्या मुलांनी आपल्याच हातांनी आपले गाव धूसर करायचे ठरवले, तर पन्नास वर्षांनी पोंभुर्णा कसे होते हे पाहायला कोणाला काय मिळणार? हिरव्या लापशीपुढे बसलेले चेहरे. ते पोंभुर्ण्याचे की आणखी कोठले, हेही ओळखू येणार नाही.

ह्यावर दोन आक्षेप येतात, आणि ते व्यवहारी आहेत. पहिला असा, की मागे बघ्यांची गर्दी जमते, ती लपवावी लागते. झाडीपट्टीत हा आक्षेप मला विशेष पटत नाही. दिवाळी-भाऊबीज झाली की तेथे मंडईचे दिवस येतात, गावेच्या गावे नाटकाला बसतात. वडसा येथील मंडळ्या एका रात्रीच्या बोलीवर येतात, मोजक्या तालमींवर रात्रभराचे नाटक उभे करतात. ह्याच रंगभूमीच्या सेवेसाठी परशुराम खुणे ह्यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. नाटक कसे पाहावे हे जाणणारा हा समाज आहे. त्याला विश्वासात घेतले, कोणी कोठे उभे राहायचे ते सांगितले, तर तोच बघ्या मागच्या ओळीतला पात्र होतो. अर्थात ज्याला चित्रात यायचे नाही त्याला चौकटीबाहेर ठेवावे. धूसर करून आत घेणे ही त्याच्या नकाराची कदर नव्हे.

दुसरा आक्षेप वेळेचा. सगळे स्पष्ट ठेवायचे तर दिवे लागतील, वेळ लागेल, असे म्हणतात. वस्तुस्थिती उलट आहे, आणि तिचा पुरावा त्या जुन्या लेन्सवरच कोरलेला आहे. तिच्या कडीवर अंतराच्या आकड्यांखाली दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे आकडे आणि बारीक रेघा असतात. आजच्या पुष्कळ लेन्सवर त्या नसतात, आणि जुनी लेन्स घेणाऱ्यांतले बरेच जण त्यांकडे पाहतही नाहीत. कोणत्या छिद्राला कोठपासून कोठपर्यंत स्पष्ट दिसेल, ते ह्या रेघा सांगतात. २८ मिलिमीटरची लेन्स घ्या, छिद्र एफ ८ ठेवा, फोकस सव्वातीन मीटरच्या आसपास लावा. त्याच पूर्ण सेन्सरावर सुमारे १.६५ मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सारे स्पष्ट येते. मग फोकस फिरवायला माणूस नको, जमिनीवर खुणा नकोत, नट अर्धे पाऊल चुकला म्हणून पुन्हा घेणे नको. वृत्तपत्राचे छायाचित्रकार वर्षानुवर्षे ह्याच रीतीने काम करीत आले. उघड्या छिद्राने मात्र दर दृश्यात फोकस चुकण्याची धास्ती; त्यातून फोटोच्या लेन्सची फोकसकडी थोडक्यातच फिरते, सिनेमाच्या लेन्ससारखी सावकाश लांब फिरत नाही, म्हणून हात जरा हलला की चेहरा गेला. तीन दिवसांच्या चित्रणात ह्यापायी किती वेळ जात असेल त्याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

अडचणी राहतातच. सागवनाच्या दाट पानांखाली उजेड एकाएकी पडतो आणि मध्येच कवडसा डोळ्यात जातो. तेथे एफ ८ पुरत नाही. अशा वेळी आयएसओ वाढवावा, थोडे दाणे चित्रात आले तरी चालवून घ्यावे, किंवा सुब्रत मित्रांची आठवण ठेवून एखादे पांढरे धोतर उन्हात धरून चेहऱ्यावर उजेड परतवावा. रुंद लेन्सने चेहरा लहान दिसतो, म्हणून जवळ जावे लागते. आणि जवळ जायचे तर आधी ओळख करून घ्यावी लागते. ही अडचण मी तर लाभच समजतो.

दिवाळीत घरोघरी मुले आपापले लघुपट मामा-मावश्यांना दाखवतात. दाखवणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. मात्र चित्र संपल्यावर एक प्रश्न विचारावा, की हे कोणत्या गावचे, आणि ते कशावरून ओळखावे? उत्तर चित्रातच असले तर काम जमले. नसले, तर अजून वेळ गेलेली नाही. ह्या दिवसांत पोंभुर्ण्याकडे धान कापणीला आलेला असतो, पावसाने धुतलेली हवा निवळ असते, आणि ऊन दिवसभर तिरपे, मवाळ पडते. करडी काच घरी ठेवावी, चार पावले मागे सरावे, आणि कडी आठाच्या आकड्यावर आणून काम सुरू करावे.